सिलिंगचा कोपरा पेंटरच्या गळ्यात का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीचे फोटो येतात. मधोमध खोलगट, कडेनं खाली उतरलेला पट्टा आणि आत लपवलेली लाइट, असं जिप्सम बोर्डाचं सिलिंग त्यात हटकून असतं. गिऱ्हाईक तेच फोटो मोबाइलवर घेऊन आमच्याकडं येतं. मी कोल्हापुरात सव्वीस वर्षं रंगकाम करतोय. या सिलिंगच्या कोपऱ्यांनी माझं डोकं पिकवलंय, म्हणून हे पत्र.

गेल्या श्रावणात कळंब्याला एका बंगल्याचं काम होतं. वास्तुशांत आठ दिवसांवर. फिटरनं बोर्ड मारले, कडांना पीओपी थापलं आणि जाता जाता म्हणाला, "राहिलेलं पेंटर पुट्टीत ओढून घेतील." दिवसा सगळं सरळ दिसलं. रात्री एलईडी लावली आणि वरचा कोपरा रंकाळ्याच्या पाण्यागत हलायला लागला. ही लाइट बोर्डाला घासून जाते. जरासा उंचवटासुद्धा सावली पाडतो. दिवाळीपर्यंत कोपऱ्यात केसाएवढी चीर पडली. घरातल्या आज्जी म्हणाल्या, "पेंटर, तुमचा रंग फाटला की हो!"

रंग नाही फाटला आज्जी, खालचा जोड हलला.

लाइट लपवायचा कट्टा सोडा, नुसती एक पायरी धरली तरी अशा सिलिंगला बारा कडा असतात. खालच्या चार बाहेर आलेल्या, वरच्या चार आत गेलेल्या आणि चार कोपऱ्यांतल्या चार उभ्या. मधला खोलगट भाग दहा बाय बारा फूट असेल तर वरची नि खालची कड मिळूनच अठ्ठ्याऐंशी फूट होतात. कोटेशनमध्ये मात्र दर चौरस फुटाचा. खरी मेहनत रनिंग फुटात, म्हणजे कडेच्या लांबीत आहे, ती कुणी मोजतच नाही.

बाहेरच्या कडेला कॉर्नर बीड, म्हणजे कड सांभाळणारी कोनाची पट्टी, लागतेच. चारी कोपऱ्यांत तिची टोकं पंचेचाळीस अंशांत कापून एकमेकांना भिडवायची. नुसत्या पीओपीची कड पडद्याच्या रॉडचा एक धक्का बसला की टवका उडून मोकळी. आतल्या कोपऱ्याला पेपर टेप, म्हणजे जोडावर बसवायची कागदी पट्टी. तिला मधोमध घडीची रेघ असते. जोड भरायचं कंपाउंड लावून ते ओलं असतानाच टेप दाबून बसवायची, कोरड्यावर चिकटवली की फुगे येतात. आणि दोन्ही बाजू एकाच दिवशी ओढायच्या नाहीत. एक बाजू वाळू द्यायची, मग दुसरी. नाहीतर इकडची सरळ करताना कंपाउंड ओढायच्या पत्र्याचं टोक तिकडची ओली बाजू खरवडतं. घाईतल्या फिटरला हे सांगितलं की तो माझ्याकडं बघून हसतो.

कंपाउंडचे असे तीन हात, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद. थंडीत सकाळी लावलेलं दुसऱ्या दिवशी घासता येतं. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात दोन दोन दिवस ओल हटत नाही, पंखा लावा नाहीतर हॅलोजन. आणि नेमकी गणपतीच्या आधी सगळ्यांना घाई! पुट्टी हा त्यावरचा इलाज नव्हे. भिंतीची पुट्टी पातळ हातासाठी असते. टेप नसलेल्या जोडात ती अर्धा इंच भरली तर तडकणारच.

म्हणून पुरवणीत फोटोखाली चार ओळी छापाव्यात ही विनंती. कोटेशनमध्ये बीड आणि टेप रनिंग फुटांत वेगळी लिहून घ्या. कोपरे वाळेपर्यंत पेंटरला बोलावू नका. प्रायमर मारण्याआधी एकदा रात्री, दिवे मालवून, हातात बल्ब धरून कडेकडेनं फिरवून बघा. तेव्हा दिसलेली चूक फिटरची. प्रायमरनंतर दिसली की ती आमच्या नावावर चढते.

कळंब्याचं काम मी दिवाळीनंतर पुन्हा केलं. कोपरे खरवडले, टेप टाकली, सहा दिवस गेले. साहित्याचे पैसे मालकांनी दिले, मजुरी माझ्या खिशातून गेली. फिटर फोन उचलत नव्हता.

आपला,
एक रंगारी
मंगळवार पेठ, कोल्हापूर