बाबल्या, कलमांना हात लावू नकोस

देवबाग, ता. मालवण
शनिवार, रात्री

प्रिय बाबल्या,

तुझं पत्र पोचलं. पुण्याची नोकरी सोडून इथे पर्यटकांसाठी बोट घालायची, हे मला पटलंय. पण त्यासाठी भाऊंची आंब्याची कलमं गहाण टाकायची आणि वर "व्हर्जिन कंपनीवाला रिचर्ड ब्रॅन्सन असाच मोठा झाला" म्हणायचं, हे काही पटत नाही. त्या माणसाबद्दल मीही बरंच वाचलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझ्या डोक्यात त्याचं बलून बसलंय. 1987 साली पेर लिंडस्ट्रँडबरोबर गरम हवेच्या बलूनमधून त्याने अटलांटिक ओलांडला, शेवटी आयरिश समुद्रात उतरावं लागलं आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरने उचलून नेलं. त्याआधी 1985 मध्ये अटलांटिकचा विक्रम मोडायला निघालेली त्याची बोट मुक्काम जवळ आल्यावर बुडाली, तर पठ्ठ्याने पुढच्याच वर्षी दुसरी बोट घेऊन विक्रम केला. ऐकायला झकास आहे सगळं. पण धंद्यात पैसे घालताना हा माणूस फार वेगळा वागायचा.

1984 मध्ये गाण्यांच्या रेकॉर्डी काढणारा हा गृहस्थ विमान कंपनी सुरू करतो म्हणाला, तेव्हा त्याच्या भागीदारांनी कपाळाला हात लावला. त्याने काय केलं? एकच जुनं 747 घेतलं, आणि बोइंगशी करार असा केला की जमलं नाही तर वर्षाने विमान परत. बुडालो तर कुठवर बुडणार, हे त्याने आधी ठरवून घेतलं होतं. दाजीकाका अजून इंजिनाच्या होडीत वल्ही टाकल्याशिवाय निघत नाहीत, तसंच हे.

तरी फटका बसलाच. परवान्यासाठीच्या चाचणी उड्डाणात पक्षी शिरून इंजिन गेलं, आणि परवाना हातात नाही म्हणून विमाही नाही. 22 जूनला गॅटविकहून नेवार्कला पहिलं विमान गेलं खरं, पण पाठोपाठ बँकेने हात आखडता घेतला. परदेशातली येणी गोळा करून त्याने कशीबशी वेळ मारून नेली, आणि पुढे एकाच बँकेवर विसंबायचं सोडून दिलं. माझ्या मते बलूनपेक्षा हे प्रकरण तू दोनदा वाचावंस.

आईच्या घराची गोष्ट तर तू सोयीने विसरलास. 1971 मध्ये निर्यातीच्या नावाखाली करमाफी घेतलेल्या रेकॉर्डी देशातच विकताना तो पकडला गेला. एक रात्र डोव्हरच्या कोठडीत काढली. जामिनासाठी आईने राहतं घर तारण ठेवलं, आणि दंडासकट कर फेडून तो सुटला. त्याच्या आईकडे तारण ठेवायला घर तरी होतं. तुमच्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत, मुंबईचे चुलते धरून, ते एकदा मोजून बघ.

त्याचं कोलाही आलं होतं, 1994 मध्ये. कोकाकोलापुढे टिकलं नाही. पण त्यात विमान कंपनी ओढली गेली नाही. आणि 1992 मध्ये विमान कंपनी तगवायला त्याने आपली लाडकी रेकॉर्ड कंपनी सुमारे 50 कोटी पौंडांना विकली. त्या दिवशी रस्त्यात रडलो, असं त्याने स्वतःच सांगितलंय.

आता तुझं. मेअखेरीस पाण्यातलं सगळं बंद होतं, ते पाऊस ओसरेपर्यंत. कर्जाचे हप्ते मात्र बाराही महिने. तेव्हा पहिला हंगाम बोट विकत घेऊच नकोस. तारकर्लीला एकाची बोट आहे, मुलगा गोव्याला गेल्यापासून किनाऱ्यावरच पडलेली. ऑक्टोबर ते मे भाड्याने देईल. मेरीटाईम बोर्डाची नोंदणी, विमा आणि लाइफ जॅकेटं तेवढी कागद हातात घेऊन तपासू. तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, इथलाच हवा, खाडीच्या तोंडाशी वाळू कुठे सरकते हे कळणारा. त्याच्या पगारात कंजूषी करायची नाही. नोकरी सोडण्याऐवजी बिनपगारी रजा मिळते का ते विचार. विचारायला लाज कसली?

बोटवाल्याशी मी बोलून ठेवतो, गणपतीला आलास की भेटू. तोवर भाऊंकडे विषय काढू नकोस. आणि उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर तू मला गुंडाळतोस.

तुझा,
गुरू