इथल्या शाळेतल्या बँडचं वर्ष, आणि आपल्या शाळेसाठी एक मागणं

प्रिय आप्पा, आई, दादा, वहिनी,

सगळ्यांना नमस्कार, पोरांना पापा. फोनवर बोलणं होतंय पण एकतर रेंज जाते नाहीतर कुणीतरी दारात येतंय आणि मुद्द्याचं तसंच राहतंय, म्हणून यावेळी बसून सविस्तर लिहितोय. दादा, हे आप्पांना मोठ्यानं वाचून दाखव आणि झालं की गडहिंग्लजला ताईलाही पाठव, ती शाळेत शिकवते तर तिला यातलं काहीतरी नक्की घेता येईल.

थोरलीचं हायस्कूलचं पहिलं वर्ष संपलं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं हे गाव म्हणजे चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन, एक धान्याचं कोठार, दोन चर्च आणि आमची फॅक्टरी, बस. हायस्कूलमध्ये नववी ते बारावी चारही वर्ग मिळून दीडशेच्या आसपास पोरं, आपल्या गावच्या हायस्कूलएवढीच म्हणा की. त्यातली निम्म्याहून जास्त पोरं बँडमध्ये नाहीतर कॉयरमध्ये, म्हणजे समूहगान करणाऱ्या गटात, आहेत आणि बरीचशी दोन्हीकडे. मला आधी वाटलं गाणं-वाजवणं येणारी निवडून घेत असतील, तर तसं नाही, पाचवीत ज्याला यायचंय त्याच्या हातात वाद्य देतात आणि तिथून पुढं बारावीपर्यंत रोज एक पीरियड. टाइमटेबलात गणितासारखाच तो विषय, त्याचे मार्क धरतात. पाचवी ते बारावी सगळ्यांना शिकवायला बँडचे सर एक आणि गाण्याच्या मॅडम एक, दोघंच. मोठी महागडी वाद्यं, ट्यूबा, टिंपनी वगैरे शाळेची, छोटी पालक भाड्यानं नाहीतर जुनी घेतात.

वर्ष सुरू होतंय ऑगस्टमध्ये, शाळा उघडायच्याही आधी. उन्हात ग्राउंडवर चालत चालत वाजवायची प्रॅक्टिस, कुणी कितव्या पावलाला कुठं वळायचं ते सगळं कागदावर आखलेलं. मग शुक्रवारी रात्री फुटबॉलची मॅच (त्यांचा फुटबॉल, आपला नव्हे) आणि मधल्या सुट्टीत बँड मैदानावर उतरतो. शाळा लहान म्हणून एक गोष्ट मोठ्या शाळांत क्वचितच दिसेल ती इथं दिसते, मॅच खेळणारी काही पोरं सुट्टी झाली की हेल्मेट काढून ठेवतात आणि घामानं भिजलेल्या त्याच खेळाच्या ड्रेसमध्ये, खांद्याला पॅड तसेच, ड्रम गळ्यात अडकवून बँडच्या रांगेत उभी राहतात, वाजवून झालं की परत खेळायला. चिअरलीडर पोरगी हातातले गोंडे ठेवून बासरी उचलते. कारण ती नसतील तर बँडच उभा राहत नाही. आप्पा, मला ते बघून फार भरून आलं, प्रत्येक पोराची गरज आहे आणि ते पोराला ठाऊक आहे.

तुमची नात ड्रमवर आहे. तुम्ही लहानपणी तिला तबल्यावर बसवलं होतं त्याचा केवढा उपयोग झाला ते ऐका. इथं स्नेअर ड्रमचे ४० मूळ धडे असतात, आपल्या कायद्या-पलट्यांसारखं ते पाठ करावंच लागतंय, त्यातला एक पॅराडिडल म्हणून आहे, उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. बाकीची पोरं हात बघत बघत अडखळायची, हिनं उजव्याला ता आणि डाव्याला गे धरून तोंडानं म्हटलं, ता गे ता ता, गे ता गे गे, आणि एका संध्याकाळीत लय चढवली. सरांनी तिला सगळ्यांपुढं ते म्हणायला लावलं आणि आता अख्खी ड्रमची रांग ता गे ता ता करते.

आणि तुम्ही मागं विचारलं होतं की एवढी वाद्यं एका सुरात कशी लावतात. बँड सूर लावतो तो आपल्या पेटीच्या काळी पाच पट्टीला. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही वाद्यंच अशी बनवलेली की वाजवणाऱ्यानं कागदावरचा सा वाजवला की ऐकू येते काळी पाच, आल्टो सॅक्सोफोनवर तोच सा वाजवला की काळी दोन, फ्रेंच हॉर्नवर पांढरी चार. म्हणजे प्रत्येकाला त्याच्या वाद्याप्रमाणं कागद वेगळा लिहून द्यावा लागतो, तेव्हा कुठं सगळं जुळतंय. कॉयरचंही तेच. चार ओळी एकदम गातात, बायकांच्या दोन पट्ट्या, पुरुषांच्या दोन, कुणी सा धरून असतंय कुणी ग कुणी प, आणि ते एकत्र कानावर आलं की बेसूर वाटत नाही उलट भरलेलं वाटतंय. पेटीवर सा ग प एकदम दाबून बघा, मग त्यातला मधला सूर तेवढा बदला, लगेच कळेल.

ऑक्टोबरमध्ये मका कापणीला येतो, रात्री बोटं गारठतात, तरी मॅचेस चालूच. महिन्याच्या शेवटी राज्यभरच्या पोरांची ऑडिशन असते आणि निवडलेल्यांचा मोठा कार्यक्रम नोव्हेंबरात ॲम्स शहरात. आमच्या शाळेतला एक ट्रॉम्बोनवाला पोरगा निवडला गेला, शेतकऱ्याचा, कापणीच्या दिवसांत ट्रॅक्टरवरून उतरून रात्री रियाज करायचा. डिसेंबरात नाताळच्या आधीचा कार्यक्रम, त्याला सगळं गाव. मग बास्केटबॉलच्या मॅचेसना एका कोपऱ्यात छोटा बँड उभा राहून वाजवतो, त्यात मला काही विशेष वाटलं नाही, गोंगाटच जास्त.

पण जॅझ बँड! तो शाळेच्या आधी, सकाळी सातला. जानेवारीत बाहेर उणे २० डिग्री, गाडी तापवायलाच वेळ लागायचा, तरी पोरं हजर. आप्पा, हा प्रकार तुम्हाला आवडला असता. त्यात ब्लूज म्हणून एक साचा असतो, १२ बारचा, प्रत्येक बारला चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन धरा. मागं बाकीचे ठेका आणि सूर धरून असतात आणि एकेक जण उभा राहून आपल्या मनानं वाजवतो, आवर्तन संपलं की बरोबर जागेवर येऊन बसतो, पुढचा उठतो. आपल्या भजनात एकानं अभंग उचलावा, दुसऱ्यानं गजर वाढवावा, पखवाजवाल्यानं मध्येच तिहाई टाकून समेवर आणावं, अगदी तेच बघा. नववीतली लाजाळू पोरं पण उठतात, चार सूर वाजवून बसतात, आणि सगळे टाळ्या वाजवतात.

वसंतात शाळेचं संगीत नाटक झालं. सेट सुतारकामाच्या वर्गातल्या पोरांनी उभा केला, कपडे आयांनी शिवले, बँडवाले स्टेजच्या खाली. मला सारखी आपल्या जत्रेतल्या नाटकाची आठवण येत होती. संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, कुमार गंधर्व सुळेभावीचे, दोन्ही गावं आपल्याच बेळगाव जिल्ह्यातली, रामभाऊ विजापुरे मास्तरांनी बेळगावात किती पोरांचा हात पेटीवर बसवला ते आप्पांना मी काय सांगू. आणि आपल्या शाळेत संगीताचा तास नाही, हे मला या वर्षी फार टोचलं.

अजून एक गोष्ट मनात बसली. इथं वसंतात स्पर्धा होतात पण त्यात पहिला दुसरा तिसरा नसतो. परीक्षक श्रेणी देतात, चांगलं वाजवलं की डिव्हिजन वन, ती दहा शाळांना मिळाली तरी चालतंय, आणि ऐकता ऐकताच परीक्षक रेकॉर्डरवर बोलत जातात, इथं क्लॅरिनेट घाई करतात, इथं छान दबला आवाज, ते रेकॉर्डिंग शाळेला मिळतंय आणि पोरं पुढच्या आठवड्यात ते ऐकून सुधारतात. आपल्याकडं प्रतिभा कारंजीला, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांच्या कलास्पर्धेला, आपली पोरं जातात, नंबर आला तर तालुक्याला, नाही आला तर ते गाणं तिथंच संपलं. स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस तयारी आणि मग वर्षभर काही नाही. पोरं कमी नाहीत दादा, पंधरा दिवसांत कोण काय शिकणार.

परवाच्या सोमवारी मेमोरियल डे झाला, युद्धात गेलेल्या सैनिकांचा दिवस, मेचा शेवटचा सोमवार. शाळा संपली तरी बँड हजर. दफनभूमीत एक पोरगी ट्रम्पेटवर २४ सुरांची बिगुलाची धून वाजवते आणि लांब झाडांच्या मागं उभा असलेला पोरगा तीच धून तिच्या मागोमाग वाजवतो. म्हातारे सैनिक टोपी काढून उभे. मला बेळगावच्या कॅम्पातला मराठा रेजिमेंटचा बँड आठवला, शपथेच्या परेडला तुम्ही मला खांद्यावर बसवून नेलं होतं. आपल्या गल्लीत पण रेजिमेंटमधून आलेली किती घरं आहेत.

आणि शाळेपुरतंच नाही. आयोवात १९२१ साली कायदा झाला की गावानं मतदान करून बँडसाठी थोडा कर लावायला हरकत नाही. शंभर वर्षं झाली त्याला. अशा करातून उभे राहिलेले गावचे बँड अजून आहेत, उन्हाळ्यात संध्याकाळी बागेत वाजवतात, शाळेतली पोरं आणि सत्तरीचे आजोबा एकाच रांगेत. लोकांनी ठरवलं म्हणून झालं ते, कुणी वरून येऊन दिलं नाही.

आता मूळ मुद्दा. दादा तू एसडीएमसीत, शाळेच्या विकास आणि देखरेख समितीत, आहेस, शाळा उघडायच्या तोंडावर आहे, पहिल्याच मीटिंगला हा विषय घे. मला ट्रम्पेट-सॅक्सोफोन नकोत, आपल्याकडं जे आहे तेच पुरे आहे. झांज, लेझीम, ढोलकी, तबला, पेटी. आठवड्यातून एक दिवस नको, रोज शेवटचा एक तास, पाचवीपासून वर, येईल त्या सगळ्यांना घ्यायचं, आवाज बरा नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही. पोरी पोरं दोन्ही. हेडमास्तरांना शांतपणे सांग, दहावीचं नुकसान होणार म्हणून पालक ओरडतील तर त्यांना सांग इथली पोरं सगळे विषय सांभाळून हे करतात, आणि शाळेचा पट कमी होतोय म्हणून सगळे काळजीत आहेत ना, तर पोरांना शाळेत ओढणारं काहीतरी हवं की.

शिकवायला माणसं गावातच आहेत. आप्पा, तुम्ही आठवड्यातून दोन दिवस पेटी आणि सुरांचं बघा, गुडघे दुखतात माहीत आहे, दादा गाडीवर नेऊन सोडेल. रेजिमेंटच्या बँडमध्ये होते ते निवृत्त हवालदार काका ड्रम आणि चालीचं शिकवतील, मी त्यांना फोन केला होता, एका पायावर तयार आहेत. भजनी मंडळातल्या पखवाजवाल्या मामांना तबल्याचं सांग. ऑफिसच्या कपाटात जुनी पेटी आहे, भाता फाटलाय आणि दोन-तीन सूर बसलेत, ती बेळगावला नेऊन दुरुस्त करून घे. तंबोरा आत्ता नको, मोबाइलवर लावा, जमलं की मिरजेहून आणू. ज्यांना गोडी लागेल त्यांना गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक परीक्षेला बसवायचं. आणि कार्यक्रम आधीच ठरवून टाकायचे, १५ ऑगस्ट, गणपती, २६ जानेवारी, जत्रा, म्हणजे तयारी आपोआप होतीय. ताई, तू गडहिंग्लजला तुझ्या शाळेत असंच काही केलंस तर दोन्ही शाळा एकदा एकत्र आणता येतील, लांब थोडंच आहे.

पैशाचं म्हणाल तर पेटीची दुरुस्ती आणि वीस लेझीम, दहा जोड झांजांचे मी पाठवतो, पण सगळं मीच देणार नाही, थोडं गावानं घालावं, मंडळांनी गणपतीच्या वर्गणीतून घालावं, म्हणजे ते गावाचं राहील. थोरली म्हणते ती पुढच्या उन्हाळ्यात येईल तेव्हा पोरांना ड्रमचे धडे शिकवेल, तिनं वहीत बोल लिहायला सुरुवातही केलीय.

वहिनी, धूळवाफ पेरणी झाली का, वळवाचा पाऊस किती झाला, आणि आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख काय ठरली ते कळवा. दादा, मीटिंगमध्ये कोण काय म्हणालं ते सगळं लिही, नाही म्हणाले तर कोण का नाही म्हणाले तेही लिही, मी एकेकाला फोन करीन.

तुमचाच,
धाकटा