नशेची अळंबी आणि इन्सुलिन

महोदय,

‘मशरूमने नैराश्य जातं, नैसर्गिकच आहे’ असा मजकूर मोबाइलवर फिरतो. आमच्या चोपड्यात सकाळी फिरायला येणारी शुगरवाली मंडळी तो दाखवून विचारतात, ‘घेऊन पाहू का?’ औषधांच्या दुकानात हयात गेली, म्हणून लिहितो.

त्या अळंबीतल्या सायलोसायबिन या नशा आणणाऱ्या द्रव्याचा अंमल साधारण ४ ते ६ तास राहतो. ठोके आणि रक्तदाब वाढतात, मळमळ-उलट्या होतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) घेतलं आणि पोटात भाकर टिकली नाही, तर साखर झपकन उतरू शकते. घाम, थरथर, बरळणं ही तिची लक्षणं. पण घरच्यांना वाटणार नशा चढली. साखरपाणी द्यायचं कुणाला सुचणार? परदेशात डॉक्टरांच्या देखरेखीखाली होणाऱ्या अनेक चाचण्यांतूनही इन्सुलिनवरच्या रुग्णांना आधीच वगळतात.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने हा पदार्थ बंदच आहे. पण पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याची कुत्र्याची छत्री कुणी ‘तीच ही’ म्हणून आणली तर? काही विषारी जातींचा त्रास ६ ते १२ तासांनी सुरू होतो, आणि तोवर विष यकृतापर्यंत पोहोचलेलं असतं. (बाजारातली धिंगरी वेगळी, तिची भाजी खुशाल खा.)

मधुमेहासोबत उदासी येते, हे मी काउंटरवरून खूप पाहिलं. आपल्या आरोग्य पानावर मानसोपचारतज्ज्ञांकडून यावर एकदा सविस्तर लिहून घ्यावं, ही विनंती.

– एक निवृत्त औषधविक्रेता, चोपडा (जि. जळगाव)