घाबरू नका म्हणता, पण झालं काय ते सांगा ना

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर २०२५ च्या नव्या कायद्याने अणुवीज प्रकल्पांचं दार खाजगी कंपन्यांनाही उघडलंय, त्यावर बरंच छापून येतंय म्हणून लिहितोय. मी विरोधक नाही हे आधीच सांगतो. मानखुर्दला वाढलो, वर्गातल्या कितीतरी पोरांचे वडील बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, त्यामुळे ट्रॉम्बेच्या डोंगरापलीकडे अणुभट्टी आहे याची भीती कधी वाटलीच नाही.

माझी ताई बोईसरला राहते. दोनेक वर्षांपूर्वी रात्री मोठा धडाका झाला, खिडक्या हादरल्या आणि अख्खी बिल्डिंग गच्चीवर. तिकडे असं झालं की मनात तीनच गोष्टी येतात, एमआयडीसीत रिॲक्टर फुटला (केमिकलचा हो, पण शब्द तोच, त्यात अजून गोंधळ), नाहीतर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे धक्के बसतायत तसला भूकंप, नाहीतर जवळचाच तारापूरचा अणुवीज प्लांट. ताईचा मला फोन, मी इथे बसून काय डोंबल सांगणार? व्हॉट्सॲपवर तोवर किरणोत्सर्ग झाला तर घ्यायच्या आयोडीनच्या गोळ्यांपर्यंत गाडी गेलेली. एमआयडीसीतलीच कुठली तरी कंपनी होती हे सकाळी दूधवाल्याकडून कळलं.

आपल्याकडे अशा वेळी ठरलेलं वाक्य असतं, घाबरण्याचं कारण नाही. बरं नाही घाबरत, पण झालं काय?

गंमत म्हणजे सांगण्यासारखं या अणुप्रकल्पवाल्यांकडे खूप आहे. ३१ मार्च १९९३ ला पहाटे उत्तर प्रदेशात नरोराच्या अणुवीज प्लांटमध्ये टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन गळून आग लागली आणि नेहमीच्या आणि बॅकअपच्या केबल एकाच वाटेने टाकलेल्या असल्यामुळे दोन्ही जळाल्या, सतरा तासांच्या आसपास प्लांटमध्ये वीज नाही, कंट्रोल रूममध्ये धूर. तेव्हा तिथली माणसं टॉर्च घेऊन अंधारात वर चढली, हाताने व्हॉल्व्ह उघडून भट्टीत बोरॉनचं पाणी सोडलं (त्याने भट्टी पुन्हा पेटत नाही) आणि आग विझवायच्या डिझेल पंपांनी पाणी पुरवत भट्टी थंड ठेवली. किरणोत्सर्ग बाहेर आला नाही. ही गोष्ट कितीजणांना माहितीये? केबलची चूक लपवायच्या नादात आपल्याच माणसांची हिंमतही फायलीत गेली. मला तरी ही गोष्ट वाचून भरवसा वाढला, चुकीसकट.

उलट २००९ ला कर्नाटकातल्या कैगा अणुप्रकल्पात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये किरणोत्सर्गी ट्रिटियम असलेलं, भट्टीत वापरायचं जड पाणी मिसळलं गेलं, पन्नासहून जास्त कामगारांच्या लघवीच्या तपासणीत ते सापडलं आणि तेव्हाही सगळं मर्यादेत असल्याचंच सांगत बसले. अहो, कूलरपर्यंत ते गेलं कसं हा प्रश्न आहे, मर्यादा नंतर.

आणि यांच्यावर नजर ठेवणार कोण, तर अणुऊर्जा नियामक मंडळ, ज्याचं ऑफिस अणुशक्तीनगरातच, भट्ट्या चालवणाऱ्या एनपीसीआयएलचंही तिथेच. शेजारी ऑफिस असल्याचं काही नाही, पण मंडळ वर्षानुवर्षं अणुऊर्जा आयोगाच्या, म्हणजे अणुऊर्जेचं धोरण ठरवणाऱ्यांच्याच हाताखाली होतं. सोसायटीचा ऑडिटर सेक्रेटरीचा मेव्हणा असला तर आपण मीटिंगमध्ये ओरडतोच ना? २०१२ ला कॅगनेही, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांनीही, मंडळाला पुरेसं स्वातंत्र्य नाही यावर बोट ठेवलं होतं. नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा, म्हणजे कायद्याचाच आधार, दिलाय म्हणतात, चांगलंय, आता एखाद्या खाजगी कंपनीला पहिल्यांदा दणका देतील तेव्हा बघू.

तोवर एक साधी मागणी. बीएआरसीचं किरणोत्सर्ग मोजायचं जाळं देशभर आहे, म्हणजे आकडा मोजला जातोच. तो बोईसर स्टेशनवर इंडिकेटरशेजारी मराठीत लावा, नेहमीचा किती आणि आत्ताचा किती. रात्री काही वाजलं तर ताई गच्चीवर जाण्याऐवजी तिथे जाऊन बघेल.

आपला,
एक वाचक, मानखुर्द