दिनूस पत्र : नवा कॉम्प्युटर आत्ताच घेऊ नकोस

राजेंद्रनगर, इंदूर
किंक्रांत, जानेवारी २०२६

प्रिय दिनू,
स. न. वि. वि.

पतंगांच्या दिवसांत बडोदेकर गच्चीवरून उतरून चार पानी पत्र लिहितो, म्हणजे सुरू व्हायलाच वेळ लावणाऱ्या, मध्येच अडकणाऱ्या कॉम्प्युटरने तुला खरंच छळलेलं दिसतंय. दुकानदार म्हणतो नवा घ्या. मी म्हणतो, थांब.

तुझ्या मशीनमध्ये जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आहे. तिच्यातली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारं टोक तिच्यावर इकडून तिकडे धावतं. विंडोजला सुरू होताना शेकडो बारीक फायली वाचायच्या असतात. त्या हाती येईपर्यंत प्रोसेसर रिकामा बसून राहतो. खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. सगळं अडकलेलं असताना डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला आणि सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, १०-२० वर असेल, तर दोष डिस्कचा. मेमरी ९०च्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. तिथेच स्टार्टअपची यादीही सापडेल. प्रिंटरवाल्याचं, मीटिंगचं, गाण्यांचं जे काही आपोआप सुरू होतं ते डिसेबल कर, अँटीव्हायरसला मात्र हात लावू नकोस.

डिस्कच दोषी निघाली तर एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी डिस्क, बसवून घे. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. इथे आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवून देतात, तुमच्याकडेही देतील. फक्त 'भिया, सब डाल के दूँगा' छापाच्या माणसापासून सावध. त्या 'सब'मध्ये चोरीचं एमएस ऑफिस असतं आणि ते चालवण्यासाठी आधी अँटीव्हायरस बंद करायला लावतात. का लावत असतील, याचा विचार कर. कॉम्प्युटर 'साफ' करून देणारे फुकट प्रोग्रामही नकोत. विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, घरच्या कामाला पुरतो.

पण दुकानात जाण्याआधी एक काम. आजोबांच्या मोडी कागदांचे स्कॅन तू त्याच एका डिस्कवर ठेवले आहेस ना? ते आधी बाहेरच्या डिस्कवर उतरव आणि कॉपी झाली की ती डिस्क काढून कपाटात ठेव. लावलेली राहिली तर खंडणीवाला व्हायरस तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करतो. दुसरी प्रत पुण्याला लेकीकडे पाठव. गूगल ड्राइव्हवर आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. सिंक चालू असेल तर इथे पुसलेलं तिथूनही जातं आणि कचऱ्याच्या डब्यात फक्त ३० दिवस टिकतं.

अपडेटवर तू चिडतोस, ते कळतं. पण २०१७ सालचा वॉनाक्राय हा खंडणीवाला व्हायरस आठव. त्या वर्षी १२ मे रोजी जगभरातली कॉम्प्युटरं बंद पडली, ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता! तुझ्याकडे विंडोज १० आहे आणि त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. अपडेटच्या पानावर जाऊन जादा सुरक्षेची नोंदणी कर, म्हणजे ऑक्टोबर २०२६पर्यंतची सोय होईल. पुढे विंडोज ११ला मशीनमध्ये टीपीएम २.० हे सुरक्षेच्या किल्ल्या जपणारं अंग लागतं. तुझ्या मशीनमध्ये ते नसेल, तर नव्याचा विषय तेव्हा काढू. तोवर पैसे बँकेत राहू देत.

आता वहिनींना आलेल्या फोनबद्दल. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असं सांगायला कुठलीही कंपनी आपणहून फोन करत नाही. हे लोक एनीडेस्कसारखा, दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवता येणारा प्रोग्राम घ्यायला लावतात, त्याचा नंबर विचारतात आणि मग तुमच्या डोळ्यांदेखत बँक उघडून बसतात. तो प्रोग्राम वाईट नाही, माझा भाचा त्यावरूनच माझा प्रिंटर दुरुस्त करतो. पण भाच्याला मी फोन केलेला असतो. कधी पडदाभर लाल पान आलं, भोंगा वाजू लागला, तर त्यावरच्या नंबराला फोन करायचा नाही. आल्ट आणि एफ-४ दाबून ब्राउझर बंद करायचा. आणि पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. जितक्या लवकर कळवाल तितकी ते वाटेत अडवण्याची आशा जास्त.

पासवर्ड वहीत लिहिले तर तुझा मुलगा ओरडतो म्हणतोस. ओरडू दे. चोर घरात शिरून वही चाळण्यापेक्षा सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणं कितीतरी धोक्याचं. ईमेलचा तेवढा सगळ्यांत लांब आणि वेगळा ठेव, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलायची वाट तिथूनच जाते. त्याला दुहेरी पडताळणीही लाव, म्हणजे पासवर्डशिवाय मोबाइलवरूनही खात्री द्यावी लागेल.

नातवाला वेगळं खातं काढून दे, ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार न देता. मग बहुतेक गेम टाकायला त्याला तुझ्याकडे यावं लागेल, आणि त्या निमित्ताने गप्पाही होतील.

मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर मात्र कृतीदेवमध्ये पाठवू नकोस. ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि मजकुरात काही शोधताही येत नाही. विंडोजच्या भाषांमध्ये मराठी घे, इन्स्क्रिप्ट निवड. 'दुसऱ्या'मधला ऱ अडतो म्हणालास, तो शिफ्ट आणि जे दाबून येतो. मग पाय मोडायला डी, मग य. लेख पंधरवड्यात हवाय.

वहिनींना नमस्कार. तिळगूळ वेगळा पाठवतोय.

तुझा,
वसंता