साहेब, आमच्या झिंग्याचं माहेर समुद्राकाठी आहे

मा. मत्स्यव्यवसाय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी वैनगंगेच्या काठावरचा ढिवर. आज्यानं, बापानं याच नदीत जाळं टाकलं, मीही तेच करत आलो. हे पत्र मी सांगतो आहे आणि माझी मुलगी लिहून घेते आहे. ती प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते.

आमच्या नदीचा आणि झिंग्याचा अभ्यास करा, असा अर्ज आमच्या मच्छीमार सोसायटीनं केला होता. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तुमच्याकडून त्याला दोन ओळींचं उत्तर आलं. खाड्या आणि नदीमुखांच्या अभ्यासाची योजना सागरी जिल्ह्यांपुरती आहे, आपला जिल्हा त्यात बसत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्याच डोंग्यात बसून पल्याड गेला होतात. परत आल्यावर घाटावर पन्नास माणसांसमोर बोललात, सहा महिन्यांत पाणी तपासायला माणसं येतील, झिंगा का संपला त्याचा अभ्यास करू. आम्ही टाळ्या वाजवल्या. आज त्या टाळ्यांची मला लाज वाटते.

झिंग्याचं आधी ऐकून घ्या. गोदावरीच्या खोऱ्यातला हा वीतभर लांबीचा झिंगा राहतो गोड्या पाण्यात, पण त्याची पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत. त्यांना थोडं खारं पाणी लागतं. आपल्याकडं लेक बाळंतपणाला माहेरी जाते, तसं याचं आहे. पावसाळ्यात मादी पोटाखाली अंडी घेऊन पुराबरोबर खाली सरकते. वैनगंगेला वर्धा मिळाली की प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याला गोदावरीत जाते, आणि गोदावरी यानमच्या पुढं, कोरिंगाच्या खारफुटीजवळ समुद्राला मिळते. तिथल्या मचूळ पाण्यात पिल्लं मोठी होतात आणि मग बोटभर जीव शेकडो किलोमीटर उलटे चढून वर येतात. म्हणजे आंध्रातल्या त्या खाडीचं दुखणं आमच्या जाळ्यात कळतं, आणि आम्ही इथं नदीत काय सोडतो ते तिथल्या खाडीला भोगावं लागतं. मग आमचा जिल्हा त्या अभ्यासात का बसत नाही?

वाटेत काय काय उभं आहे बघा. गोदावरीवरचा धवळेश्वरमचा बांध मूळचा इंग्रजांच्या काळातला, 1852 चा. त्याच्या वर पोलावरम, मग मेडीगड्डा, आमच्या गडचिरोलीत चिचडोह, आणि शेवटी आमच्या दारातलं 33 दरवाजांचं गोसेखुर्द धरण. फराक्काचा बांध घातल्यावर गंगेतली हिल्सा मासोळी समुद्राकडून वर यायची कशी थांबली ते 1975 पासून साऱ्या देशाला ठाऊक आहे. तरी आमच्या वैनगंगेवर मासोळीला चढायला पायऱ्या ठेवाव्यात असं कुणाला वाटलं नाही. धरणं गाळही अडवतात, आणि गाळ पोचला नाही की मुखाजवळची जमीन समुद्र खातो.

पाण्याचं तर विचारूच नका. नागपूरचा मैला नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून आंभोऱ्याजवळ वैनगंगेला, आणि धरणाच्या थांबलेल्या पाण्यात आमच्या दारात. मासोळी जगायची तर लिटरभर पाण्यात किमान 4 मिलिग्रॅम प्राणवायू हवा, हा सरकारचाच नियम आहे. आमच्या घाटावर तो किती आहे? मुलीनं तीन ठिकाणी विचारलं, कुणी आकडा दिला नाही. उन्हाळ्यात पहाटे मासोळ्या वर येऊन तोंड उघडझाप करतात तेव्हा मला यंत्राशिवायच आकडा कळतो. पर्यावरणाचं संशोधन करणारी देशाची मोठी संस्था, नीरी, 1958 पासून त्याच नागपुरात आहे, म्हणजे शास्त्रज्ञ नाहीत असंही नाही.

माझ्या बापानं माझं लग्न झिंग्यावर केलं. एका मोसमाच्या झिंग्यावर, कर्ज न काढता. आता पाण्यात उतरलो की रात्रभर पाय खाजवत बसतो. बायको बाजारात पाटी घेऊन बसते, गिऱ्हाईक विचारतं, धरणाची का? आणि पुढच्या पाटीकडं जातं. जलपर्णीत जाळं अडकून फाटतं, नवं घ्यायला पैसे कुठून आणू? मोठा मुलगा तीन वर्षांपासून तेलंगणात मिरची तोडायला जातो. झिंगा जायचा त्याच वाटेनं तो जातो, साहेब, पण तो पोटासाठी जातो. मागच्या वर्षी त्याच्या आजीच्या मातीलाही पोचू शकला नाही.

सोसायटीला मत्स्यबीज देतो असं अधिकारी सांगतात. कटला, रोहू, मृगळ. तळ्यात पाळायच्या मासोळ्या सोडून नदी बरी होत नाही. नदीचे तुम्ही तुकडे केले आहेत. पाणी एका खात्याचं, मैला महापालिकेचा, मासोळी तुमची, काठ महसूलचा, आणि खालची नदी तर दुसऱ्या राज्याचीच. आम्ही कुठल्या खात्याचे? गोसेखुर्दची कोनशिला 22 एप्रिल 1988 ला बसली, तेव्हा खर्च 372 कोटी सांगितला होता, आता तो 18 हजार कोटींच्या वर गेला. नाग नदी साफ करायला सुमारे 2 हजार कोटी मंजूर झाले. एवढ्या पैशात दर महिन्याला घाटावर येऊन पाणी तपासणारा एक माणूस बसत नाही? कोकणाला 720 किलोमीटर किनारा आहे, त्याचा अभ्यास जरूर करा, तिथले कोळी आमचेच भाऊ आहेत. पण विदर्भात समुद्र नाही म्हणून आमच्या नद्या समुद्राला मिळतच नाहीत असं तुम्ही धरून चालला आहात. ज्यांनी ते उत्तर लिहिलं त्यांनी शाळेत नकाशा पाहिला नसेल का?

मला मदतीचा चेक नको. आमच्या घाटापासून गोदावरीच्या मुखापर्यंत एकच अभ्यास करा, तिन्ही राज्यांना धरून. पाण्याचे आकडे दर महिन्याला सोसायटीच्या फळ्यावर लावा. आणि धरणाला मासोळीची वाट करता येते का, ते जाणकारांना विचारा.

आमच्या सोसायटीच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या वह्या आहेत. कुठल्या महिन्यात, कुठल्या डोहात किती झिंगा निघाला, हे माझ्या बापानं आणि त्याच्या जोडीदारांनी लिहून ठेवलं आहे. दोन वह्यांना वाळवी लागली. उरलेल्या मुलगी मोबाइलवर फोटो काढून ठेवते आहे. तुमचा माणूस आला तर त्याला त्या दाखवू, पण या पावसाळ्याच्या आत पाठवा.

आपला,
वैनगंगेकाठचा एक ढिवर
जि. भंडारा