हाय वान घाटाचे पैसे घेतले आणि बोगद्यातून नेले

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मार्चमधील व्हिएतनाम सहलीत दा नांग ते हुए हा प्रवास ठरल्याप्रमाणे न झाल्याबाबत.

महोदय,

मी आणि माझी आई पुण्याहून तुमच्या सहलीला आलो होतो. आईने तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. एवढ्या सहलींमधून आम्ही तुमची निवडली ती पाचव्या दिवसासाठी. आयटिनररीत स्पष्ट छापलं आहे: "हाय वान घाटमार्गे हुए, माथ्यावर थांबा."

त्या सकाळी बस मार्बल माउंटनजवळच्या मूर्तींच्या दुकानापाशी थांबली आणि दीड तास हललीच नाही. हा थांबा आयटिनररीत कुठेही नाही. मग टूर मॅनेजर म्हणाले, उशीर झालाय, बोगद्यातून जाऊ. घाट बंद नव्हता. बोगद्यात दुचाकी चालवायला परवानगी नसते, त्यामुळे आमच्या डोळ्यांदेखत दुचाकीवाले घाटाकडे वळत होते. आई समुद्र दिसावा म्हणून मुद्दाम उजवीकडच्या खिडकीशी बसली होती, काचेवरची वाफ रुमालाने पुसत. पुढचे सहा किलोमीटर त्या काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसला.

बोगद्याने वेळ वाचतो, हे मलाही कळतं. पण घाट हा आमच्यासाठी नुसता रस्ता नव्हता. जवळजवळ पाचशे मीटर उंचीचा तो माथा एके काळी चंपा आणि दाइ व्हिएत या राज्यांची सीमा होता. तिथली वेस मिन्ह मांग राजाने 1826 मध्ये बांधली. त्या वेशीतून पलीकडे उतरून हुए या जुन्या राजधानीत शिरायचं, हा क्रम आईने मनात कधीचा धरला होता.

पुढेही तेच. हुएच्या राजवाड्यात आम्हाला जेमतेम पन्नास मिनिटं मिळाली. 1802 ते 1945 या काळात न्गुयेन घराण्याची राजधानी असलेलं हे शहर, 1993 पासून जागतिक वारसा! शेवटचा सम्राट बाओ दाइने 30 ऑगस्ट 1945 ला जिथे राजत्याग केला, त्या न्गो मोन दरवाजाखाली आई उभी होती आणि मागून हाका सुरू होत्या, "चला, चला, बस निघतेय." सम्राट खाइ दिन्हची समाधी तर रद्दच झाली. चिनी मातीच्या आणि काचेच्या तुकड्यांनी मढवलेल्या तिथल्या भिंती तुमच्या जाहिरातीत मात्र पानभर आहेत.

हॉटेलं आणि जेवण उत्तम होतं, त्याबद्दल तक्रार नाही. चालकही सज्जन होते.

पाचव्या दिवसाचा प्रवास, गाइड आणि न पाहिलेल्या समाधीचं प्रवेशशुल्क यांची दोघींची रक्कम पंधरा दिवसांत परत करावी. दुकानाचा थांबा कोणी आणि का ठरवला, याचं लेखी उत्तर द्यावं. तसं न झाल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन. पुढच्या तुकड्या घाटानेच न्याव्यात. ते जमणार नसेल तर आयटिनररीतून ती ओळ आजच काढावी.

सोबत: आयटिनररीची प्रत, पैसे भरल्याची पावती, दुकानाबाहेर वेळेसह काढलेले दोन फोटो.

आपली,
मार्चच्या सहलीतील एक ग्राहक, पुणे